धाकट्या नदीचं दारं

जलपर्णीचं शास्त्रीय नाव मला स्पेलिंगसकट पाठ होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. बारामतीच्या कॉलेजातून मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. सेकंड क्लास होता, पण तो क्लास सासरी कुणी विचारला नाही. लग्न होऊन इंदापूर तालुक्यातल्या नीरेकाठच्या गावात आले तेव्हा सगळ्या सुनांमध्ये जास्त शिकलेली मीच. शिकलेल्या माणसाला सगळंच येतं असा त्या गावाचा भाबडा समज होता. रेडिओ बिघडला तरी माझ्याकडे आणायचे. मी तो दोनदा हलवून परत द्यायचे आणि कधी कधी तो वाजायचासुद्धा.

नव्वदीतली गोष्ट आहे. गावात फोन फक्त सरपंचांच्या घरी होता आणि तोही बहुतेक वेळा मुका असायचा. आमच्या घरात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ आणि आम्ही दोघं. दीर ऊस बघायचे. माझा नवरा इंदापूरला तहसील कचेरीत कारकून होता, रोज लूनावरून जायचा. पँटला कडक इस्त्री आणि बोलण्यात ‘आहे’, ‘नाही’. घरात बाकी सगळे ‘हाय’ आणि ‘न्हाय’ म्हणायचे, हा एकटाच कचेरीतलं बोलणं घरी घेऊन यायचा.

या घरानं कधीकाळी मोठा कळप सांभाळला होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं ते पावसाच्या तोंडावर परत यायचं. माझा नवरासुद्धा शाळेत जाण्याआधीची वर्षं घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात वाढला होता. तो हे कधी सांगायचा नाही, सासूबाईंनीच सांगितलं. पुढे पाटाचं पाणी आलं, रानात ऊस आला, कळप विकला गेला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्यातली बारा मेंढरं मागं ठेवली होती. बारा मेंढरांनी कुणाचं घर चालत नाही. पण पहाटे उठून कुणाच्या तरी अंगावरून हात फिरवल्याशिवाय आबांचा दिवस उगवत नसे.

आबा माझ्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, जुनी रीत होती. सुनेशी सासऱ्यानं मोजकंच बोलावं, तेही तिसऱ्याच्या आडून. सासूबाई जवळ नसल्या की ते मेंढरांचा आधार घेत. “ए ढवळे, आज चहात साखर इसरली बरं का,” असं अंगणातून ऐकू आलं की मी साखरेचा डबा घेऊन निघायचे. ढवळी नावाची मेंढी मख्खपणे रवंथ करत असायची. दोन महिन्यांत मीही तरबेज झाले. बोलायचं सासूबाईंशी, पण आवाज अंगणापर्यंत जाईल असा लावायचा. सासूबाई म्हणायच्या, “मी काय टपाल हाय का गं?”

आता धाकट्या नदीबद्दल. नीरा कधीकाळी आमच्या गावाशी मोठं वळण घेऊन जायची. मग तिनं मन बदललं आणि सरळ वाट धरली. जुनं वळण मागं राहिलं, कोयत्याच्या आकाराचं, पाण्यानं भरलेलं. त्यालाच गाव धाकटी नदी म्हणायचं. खालच्या टोकाला ती बैलगाडी जाईल एवढ्या तोंडानं थोरल्या नदीला जोडलेली होती. वरच्या टोकाला वाळूचा उंचवटा होता, पुराचं पाणी तेवढं त्याच्यावरून आत यायचं. काठानं लव्हाळा आणि माणसापेक्षा उंच पाणकणीस. पाण्याखाली बारीक पानांचं गवत, ते म्हशीच्या शेपटीसारखं हलायचं. मध्ये पांढरी कमळं. तळ दिसायचा आणि तळातले मासेही.

कातरणीच्या आधी आबा मेंढरं तिथंच धुवायचे. वर्षातून दोनदा लोकर कातरतात, त्याआधी मेंढरू पाण्यात नेऊन चोळून धुतलं नाही तर लोकरीत माती राहते आणि घोंगडी विणणारा ती हातात घेऊन नाक मुरडतो. आबांची पारख सोपी होती. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि खाली बघायचं. स्वतःच्या पायाची बोटं दिसली तर पाणी धुण्याजोगं, नाही तर नाही.

माझं दुसरं वर्ष होतं. उन्हाळा लागला तसा थोरल्या नदीचा रंग बदलला. वरच्या अंगानं कुठून तरी साखर कारखान्याच्या मळीचा वास घेऊन तांबूस पाणी येऊ लागलं, आणि त्याच्या अंगाखांद्यावरून केंदाळ. जलपर्णीला गाव केंदाळ म्हणायचं. जांभळ्या फुलांची ही बेटं धाकट्या नदीच्या तोंडातून आत शिरू लागली. बायका धुणं घेऊन परत येऊ लागल्या. पारावर चर्चा झाली आणि कुणाला तरी आठवलं की या गावात पाणवनस्पतींची शिकलेली सून आहे.

मला बोलावणं आलं. मी डोक्यावर पदर घेतला आणि तोंडात लॅटिन. केंदाळाचं शास्त्रीय नाव मी असं खणखणीत म्हटलं की दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग मी निर्णय दिला. घाण थोरल्या नदीतून येते, तर धाकटीचं तोंड बांधून टाका. आणि आतली सगळी पानं-गवतं उपटून काढा. पाणी कसं, आरशासारखं स्वच्छ पाहिजे. पाण्यातलं जे हिरवं दिसेल ते सगळं तण, हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं ते आजही आठवत नाही, कारण ते कुठल्याच पुस्तकात नसावं.

तोंड बांधायला आबांशिवाय कोण? उसाला पाणी देताना एका सरीचं तोंड फोडून पाणी आत घ्यायचं, सरी भरली की मातीनं ते बांधायचं आणि पुढचं फोडायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. मेंढरामागनं फिरलेला माणूस उसात आला तो उशिरा, पण आबांनी बांधलेल्या दाऱ्यातून थेंब गळत नसे. त्यांच्या हातावर पंचक्रोशीचा विश्वास होता. उसवाल्या गावाला पाणी म्हटलं की दारंच सुचतं. नदीलासुद्धा दारं बांधता येईल यात कुणालाही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच.

आठ दिवस श्रमदान चाललं. आबांनी तोंडाशी माती, उसाचं पाचट, पोती, पुन्हा माती असे थर रचले आणि मेंढरांना तुडवायला वरून फिरवलं. मेंढराच्या खुरानं माती बसते तशी रोलरनं बसत नाही, असं ते ढवळीला सांगत होते. वरचा वाळूचा उंचवटाही हातभर चढवला. इकडे आम्ही बायकांनी लव्हाळा कापला, पाणकणीस मुळासकट उपटलं, पाण्याखालचं गवत दाताळ्यानं ओढून काढलं. फक्त वरच्या वळणाचा एक कोपरा राहिला, कारण तिथल्या पाणकणसात गांधीलमाश्यांचं पोळं होतं आणि त्यांनी सरपंचांच्या कानाचा आकार बदलून टाकला होता.

शेवटच्या दिवशी पाणी खरोखर आरशासारखं झालं. सरपंचांनी, कान सुजलेला असतानाही, भाषण केलं. मला नारळ आणि ब्लाउजपीस मिळालं. आबा घरी येऊन ढवळीला म्हणाले, “शिक्षान वाया जात न्हाय बरं.” त्या रात्री मला कौतुकानं झोप आली नाही.

आरसा महिनाभर टिकला. मग पाण्याला हिरवट छटा आली. मग ते पालकाच्या पातळ भाजीसारखं दिसू लागलं. बोटभर खोलीचंही दिसेना. काठाला चुकून राहिलेले केंदाळाचे दोन-चार गड्डे होते, त्यांना आता अडवायला कुणी नव्हतं आणि वाहायला जागाही नव्हती. ते नुसते फुगत गेले. मृगापर्यंत निम्मं पाणी केंदाळाखाली गेलं, आषाढात सगळंच. वरून बघावं तर जांभळ्या फुलांचं शेत, बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, काय छान! खाली काळं पाणी, कुजक्या अंड्याचा वास आणि पहाटे वर येऊन तोंडं उघडी टाकणारे मासे. म्हशींनी जायचं सोडलं. म्हैस ज्या पाण्यात बसत नाही त्या पाण्याबद्दल अधिक काय लिहायचं.

आणि मेंढरं आजारली. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबायला लागली. इंदापूरहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी मेंढराच्या डोळ्याची पापणी उलटून बघितली आणि विचारलं, चरायला कुठं जातात? काठाला साचलेल्या पाण्यात गोगलगायी वाढतात, त्यांच्यामधून जंत गवतावर येतो आणि गवतातून मेंढराच्या यकृतात जातो, असं त्यांनी सांगितलं. औषध पाजलं. अकरा उठली. बारावी उठली नाही. आबांनी तिला स्वतः खड्ड्यात ठेवलं आणि दोन दिवस ते कोणत्याच मेंढराशी बोलले नाहीत, म्हणजे माझ्याशीही नाही. मी भाकरीच्या पिठाच्या हातानं डोळे पुसत होते. माझ्याच डोक्यातून निघालेलं ते सगळं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना थोरल्या दिरांनी विषय काढला. “आबा, आता पुरं झालं. अकरा मेंढरं घेऊन बसायचं, ती पन आजारी. बाजार दावू.”

माझ्या नवऱ्यानंही री ओढली. “धुवायला पाणी नाही, चरायला काठ नाही. कातरणी कुठे करणार? मेंढरं काय हायवेच्या पेट्रोल पंपावर नेऊन धुणार आहात?” कचेरीत कुणी तरी त्याला ‘काय मेंढके’ म्हणून हाक मारली होती, ते त्याच्या मनात सलत होतं हे मला ठाऊक होतं. ती अकरा मेंढरं गेली की ती हाकही जाईल असं त्याला वाटायचं.

आबांनी भाकरीचा उरलेला तुकडा संपवला. मग म्हणाले, “दिवाळीच्या कातरनीपातूर थांबा. तवर धाकटीत मला माजी बोटं दिसली तर मेंढरं ऱ्हातील. न्हाय दिसली तर तुमी म्हनाल त्या बाजारला मी सोता नेतो.” एवढं बोलून त्यांनी हात धुतला. सत्तरीच्या माणसानं आपल्याच घरात मुदत मागावी, याचा मला इतका राग आला की मी घागर जरा जास्तच जोरात आपटली. राग कुणावर होता म्हणाल, तर माझ्या सेकंड क्लासवर.

दुसऱ्या दिवशी मी लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या घेऊन निघाले. पुस्तकानं दगा दिला होता, आता बघूनच शिकायचं ठरवलं. एका बरणीत थोरल्या नदीचं पाणी घेतलं, तेव्हा ती चढत होती आणि चहासारखी गढूळ होती. दुसऱ्या बरणीत धाकटीचं, केंदाळ बाजूला सारून. तिसऱ्या बरणीसाठी मी वरच्या वळणाला, गांधीलमाश्यांच्या कोपऱ्यात गेले. तिथं वरच्या उसातून खत घातलेलं पाणी पाझरत यायचं, आणि आम्ही मेहरबानीनं न उपटलेल्या पाणकणसातून पुढे जायचं. शिरताना ते फेसकट होतं. कणसांच्या पलीकडे, मी डोळे चोळून बघितलं, तळाची वाळू दिसत होती. तेवढ्या चार हात जागेत बारीक गवत होतं, बेडकाची पिल्लं होती. एक माशी मला चावलीही, पण त्या दिवशी मी तिला शिव्या दिल्या नाहीत.

तिन्ही बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या. सासूबाईंनी विचारलं, “कसलं लोनचं गं हे?” मी म्हटलं, “माझ्या अकलेचं.” त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “नासलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या बरणीत गाळ बुडाशी बसला होता आणि वर पाणी स्वच्छ होतं. पाणकणसाच्या बरणीतलं होतं तसंच नितळ. धाकटीच्या बरणीतलं मात्र हिरवं ते हिरवंच, आणि झाकणाला फुगा आलेला. मला तेव्हा कुठे उमगलं की मी काय केलं होतं. थोरल्या नदीचं येणं-जाणं होतं म्हणून धाकटी जिवंत होती. आणि जी गवतं मी तण म्हणून उपटली, तीच आलेलं पाणी गाळून घेत होती, खत खाऊन टाकत होती, केंदाळाला पाय रोवू देत नव्हती. मी एका दिवशी तिचा दरवाजा लावला आणि त्याच आठवड्यात घरातली सगळी कामकरी माणसं हाकलून दिली. आणि त्याबद्दल ब्लाउजपीस घेतलं.

आता ते दारं फोडायला हवं होतं, आणि लवकर, कारण श्रावण सरत आला होता. नदी उतरली की आत यायला पाणीच राहिलं नसतं. गंमत अशी की पुराचा पहिला लोंढा येऊन गेला होता आणि आबांचा बांध तसूभर हलला नव्हता. पंचक्रोशीतून माणसं तो बघायला येत. “आबा, धरणावाल्यांनी तुमाला न्यायला पायजे हुतं,” असं म्हणत. वास सहन होईना म्हणून नाकाला रुमाल लावून बांधाचं कौतुक करत.

दुसरं कुणी तो फोडूही शकत नव्हतं. ज्यानं दारं बांधलं त्यानंच ते मोडायचं, हा उसाच्या रानातला कायदा आहे. दुसऱ्याच्या दाऱ्याला खोरं लावलं म्हणजे भांडण, आणि ते भांडण नातवंडांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला निघतं. म्हणजे आबांनाच सांगायला हवं होतं की त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात पक्कं काम चुकलं, आणि ते त्यांनी माझ्या सांगण्यावरून केलं.

मी सासूबाईंना गाठलं आणि आवाज अंगणात जाईल असा लावला. “आत्याबाई, चूक माझी झाली. नदी बंद करायला नको होती. तिचं पाणी गढूळ होतं, पण बसलं की निवळतं. कोंडलेलं निवळत नाही. वाटल्यास बरण्या बघा.”

मग आबा ढवळीला म्हणाले, “आगं, पर उन्हाळ्यात मळीचं पानी आलं मंजी?”

“आत्याबाई, तेव्हा तेवढे दिवस बांधायचं. आणि केंदाळ आत येऊ नये म्हणून तोंडाला बांबूची ताटी लावायची. पाणी आत, केंदाळ बाहेर.”

“ढवळे, मंजी दारं बांधायचं बी आनि मोडायचं बी? सरीवानी?”

“होय आत्याबाई. सरीसारखंच.”

सासूबाई माझ्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे मान फिरवून दमल्या होत्या. “तुमी दोगं मरा तिकडं,” म्हणून त्या शेण काढायला निघून गेल्या.

आबा उठून आत आले. खिडकीपाशी उभे राहून त्यांनी नदीची बरणी उजेडात धरली, हलवली, गढूळ केली, खाली ठेवली. चहा होऊन तो पिऊन होईपर्यंत बघत राहिले. गाळ खाली बसायला लागला होता. मग धाकटीची बरणी धरली, नाकाशी नेली आणि घाईनं दूर केली. कुणालाही उद्देशून नव्हे असं म्हणाले, “सरी भरल्यावं दारं न्हाय मोडलं तर ऊस कुजतोय. ह्ये तर पोराला बी कळतं. मला कसं न्हाय कळलं?” खोरं खांद्यावर टाकून ते निघाले. त्यांचा चेहरा बघवेना. चूक माझी होती आणि ती त्यांच्या पाठीवर होती.

अर्धं गाव मागं आलं. आबांनी आधी वरचा उंचवटा कापला. नदी भरून वाहत होती, तिनं जरा अंदाज घेतला आणि आत शिरली. मग ते खालच्या तोंडाशी आले. तो देखणा बांध, पाचटाचे थर, मेंढरांनी तुडवलेली माती. पहिला घाव घालायला त्यांना वेळ लागला, दुसऱ्याला नाही. हातभर चीर पडली, पाण्यानं ती मोठी केली, आणि बघता बघता तोंड मोकळं झालं. केंदाळाची अख्खी चादर हलली. जांभळ्या फुलांसकट ती अशी थाटात बाहेर पडली की बायकांनी हळद-कुंकू वाहायचंच बाकी ठेवलं होतं.

हे शास्त्राच्या दृष्टीनं फार भूषणावह नव्हतं, कारण ते केंदाळ कुठे तरी जाणारच होतं. दुसऱ्या दिवशी खालच्या गावची मंडळी सायकलींवरून आली आणि आमच्या गावाच्या सात पिढ्यांची आठवण काढून गेली. सरपंचांनी चहा पाजला आणि आमची वीस माणसं दाताळी घेऊन त्यांच्या काठावर दोन दिवस केंदाळ उपसायला गेली. मीही गेले. कंबरभर चिखलात उभं राहून प्रत्येक गड्डा ओढताना त्याचं लॅटिन नाव घ्यायचं, अशी शिक्षा मीच मला दिली होती. शेजारची बाई म्हणाली, “कसले मंतर म्हनतीस गं?”

मग मी पाणकणसाचे आणि लव्हाळ्याचे कांदे गांधीलमाश्यांच्या कोपऱ्यातून खणून काठानं लावत सुटले. ज्या बायकांना मी ते उपटायला लावलं होतं त्यांनाच लावायला बोलावलं. “आवंदा उपट, पुढच्या साली लाव. शिकल्याली बाई परवडत न्हाय,” असं म्हणत त्या आल्या आणि माझ्यापेक्षा जास्त लावून गेल्या. आबांनी तोंडाला बांबूची ताटी बसवली. नदी भाद्रपदात अजून दोनदा आत येऊन गेली. दोन्ही वेळा तिनं तळाची काळी घाण थोडी थोडी नेली.

आश्विनात मी रोज पाण्यात उतरून माझी बोटं बघायचे. आधी नुसता घोटा दिसायचा. मग पैंजण दिसलं, मग जोडवी अंधुक. दसऱ्याला दिसली असं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी आभाळ आलं म्हणून दिसली नाहीत. मी नवऱ्याला सांगायचे, तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, “बघू दिवाळीला.”

कातरणीच्या आदल्या दिवशी आबांनी मेंढरं काढली. थोरले दीर उसाच्या लागणीच्या घाईत होते, सासूबाई आणि मी काठावर. नवरा कचेरीला निघाला होता, पण लूना वाटेवर लावून तोही येऊन उभा राहिला, निकाल ऐकायला. आबा पाण्यात गुडघाभर शिरले. खाली बघितलं. त्यांनी खूप वेळ बघितलं, इतका की मला वाटलं, गेलं सगळं. मग ते माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे वळून म्हणाले, “ये, बग. अंगठ्याचं नख दिसतंय.” नवरा म्हणाला, “ठीक आहे.” त्याच्या आवाजात आनंद नव्हता. मेंढरं राहिली, हाक राहिली.

आबांनी पहिली मेंढी पाण्यात घेतली. दुसरी, तिसरी. सहावी मेंढी दांडगी होती. ती बिथरली, मागं सरली, खोल पाण्याकडे आबांना घेऊन गेली. सत्तरीचा हात तिच्या लोकरीत अडकला होता आणि पाय सुटले होते. मी ओरडले. तेवढ्यात धप्प आवाज आला. माझा नवरा, बुटासकट, इस्त्रीच्या पँटसकट, खिशातल्या पेनासकट पाण्यात होता.

त्यानं एका हातानं आबांचा दंड धरला आणि दुसरा हात मेंढीच्या जबड्याखाली घातला. तिची मान स्वतःच्या कोपरावर टेकवली, तोंड पाण्याच्या वर, आणि तिला अलगद पाठीवर फिरवलं. घशातून एक बारीक, लांब आवाज काढला. दीड वर्षाच्या संसारात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मेंढी गप्प झाली. लगेच बाकीच्या पाच, काठावरच्या, कान टवकारून त्याच्याकडे वळल्या. आबा दम खात काठाला आले आणि खाली बसले. त्यांनी पुन्हा पाण्यात जायची घाई केली नाही. ते नुसते बघत राहिले.

नवऱ्यानं ती मेंढी धुतली. मग पुढची मागितली. “सोड की तिला, हिकडं सोड,” असं तो मला म्हणाला, त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलेल्या बोलीत. मी एकेक मेंढी हाकत होते, तो चोळत होता, लोकरीत बोटं घालून, पोटापासून मानेपर्यंत. शाळेच्या आधी शिकलेलं सगळं हातात तसंच होतं. उरलेल्या सगळ्या त्यानं धुतल्या. मग आबांनी धुतलेल्या पाच परत बोलावून त्यांच्या शेपटाकडचं पुन्हा धुतलं. पँटचा रंग उरला नव्हता. कचेरीत त्या दिवशी तो गेलाच नाही.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मेंढराबद्दल कुणी बोलत नव्हतं. नवऱ्यानं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटाकडे बघत म्हणाला, “आबा, मेंढा थकलाय आपला. औंदा दुसरा बगाया पायजे.”

आबांचा घास हातातच राहिला. थोरल्या दिरांनी धाकट्याकडे बघितलं आणि आमटी ओढून घेतली. आबा म्हणाले, “बगू की.” मग ताट तसंच ठेवून उठले. भरल्या ताटावरून उठणारा तो माणूस नव्हता.

“भाकरी टाकून कुठं निगालासा?” सासूबाईंनी विचारलं.

“मेंढरं बगून येतो.”

आत्ताच तर ते त्यांना कोंडून, दार लावून आले होते. मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते दाखवायचे नव्हते. आमटी दोनदा गरम केली. त्यांना हाक कुणी मारली नाही.